ओंडक्यांच्या बंगल्याची मापं

प्रवासाहून आलेला माणूस सहसा सांगतो, तुम्हीही एकदा जाऊन या. मला तसं सांगता येत नाही. हिरड्याच्या तळ्यावर आजही पाणी आहे, दगडी बांध आहे, काठाला जांभळीची दाट झाडी आहे. ज्याच्यासाठी मी गेलो होतो तो बंगला मात्र राहिलेला नाही. तो गेला त्यात माझाही हात आहे. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली.

मी सांगलीच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवतो. सुट्टीत जुन्या इमारती कागदावर उतरवायची मला हौस आहे. कृष्णेचा घाट, हळदीच्या अडतीतली जुनी गोदामं, एखादं पडकं देऊळ, असं काहीबाही काढत असतो. चीनची लढाई होऊन गेली, त्यानंतरच्या उन्हाळ्यात साताऱ्याचे एक निवृत्त वकील लेकीकडे सांगलीला आले होते. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. त्यांनी माझी घाटाची रेखाटनं कुठेतरी पाहिली आणि मला बोलावून घेतलं.

"मास्तर, ओंडक्यांचं घर पाहिलंयत कधी?" त्यांनी विचारलं.

"परदेशी मासिकांतल्या चित्रांत पाहिलंय."

"आपल्या डोंगरातही एक आहे. पण फार दिवस राहील असं वाटत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका लहानशा संस्थानचे राजेसाहेब तरुणपणी युरोपात हिंडून आले. तिकडे तळ्याकाठी अखंड ओंडके एकावर एक रचून बांधलेली घरं त्यांनी पाहिली आणि तसंच घर आपल्या डोंगरात हवं असं त्यांच्या मनानं घेतलं. आधी बांध घालून तळं केलं, मग काठाला मोठा बंगला, तीन छोट्या खोपट्यांसारखी घरं आणि होड्यांसाठी पाण्यावर एक पडवी बांधली. पुढे तिथे पैसे देऊन राहायला पाहुणे येऊ लागले. पुण्या-मुंबईची माणसं उन्हाळ्यात आठ-आठ दिवस राहत. दादासाहेबांनी लग्नानंतरचा पहिला आठवडा तिथेच काढला होता. संस्थानं विलीन झाली आणि तो सगळा पसारा सरकारच्या एका खात्याकडे आला. पाहुणे कमी झाले. आता खात्याला बंगला मोडून लाकूड लिलावात काढायचं होतं.

"मी त्या खात्याच्या साहेबांना भेटलो," दादासाहेब म्हणाले. "माणूस वाईट नाही. म्हणाला, पावसाळ्याआधी नीट नकाशे आणि अहवाल आणून द्या, मग ठरवतो. तोवर लिलाव थांबवलाय. एवढं काम करून द्याल?"

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. आपली रेखाटनं कुणाच्या तरी कामाला येणार होती.

सातारा

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी साताऱ्याला पोचलो. सांगलीचं ऊन मुरलेलं असतं, माती काळी, रस्ता सपाट, बाजारपेठेत नाकात हळदीचा वास. साताऱ्यात उतरल्यावर मान वर करावी लागते. जिकडे पाहावं तिकडे डोंगर, आणि संध्याकाळी त्यांच्यावरून उतरणारा वारा. दादासाहेबांच्या घरी रात्रभर राहिलो. सकाळी त्यांनी कंदी पेढे पुढे केले आणि एक सूचना दिली.

"जे डोळ्यांना दिसेल आणि फुटपट्टीनं मोजता येईल तेवढंच लिहा. तिथला चौकीदार बोलका आहे. चांगला माणूस, पण ऐकीव गोष्टी अहवालात नकोत. ऐकीव म्हटलं की सरकारी माणूस वाचायचं थांबवतो."

मी ते मनावर कोरून घेतलं. एवढं कोरून घ्यायला नको होतं.

तळ्यावर

मेढ्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी एसटीनं मला सोडलं. तिथे साठीच्या आसपासचा एक उंच माणूस उभा होता. खाकी अर्धी विजार, पांढरी बंडी, मिशा टोकाला वळवलेल्या. त्यानं टाचा जुळवून रामराम केला.

"मास्तर न्हवं? वकीलसायबांचं कार्ड आलंय. मी कांबळे. लोक हवालदारच म्हंत्यात."

माझा ड्रॉइंग बोर्ड त्यांनी डोक्यावर घेतला, पिशवी खांद्याला अडकवली आणि डोंगर चढायला लागले. माझ्या हातात फक्त छत्री होती, तरी मीच दर वळणावर थांबत होतो. दीड तासानं माथा लागला आणि वारा एकदम गार झाला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या काळ्या झालेल्या होत्या. हवालदारांनी पळसाच्या पानाचा द्रोण करून तो भरून दिला.

झाडी संपली आणि समोर तळं आलं. सांगलीच्या माणसाला पाणी म्हणजे नदी. ती सतत कुठेतरी निघालेली असते. इथलं पाणी जागच्या जागी होतं आणि त्यात पलीकडच्या काठावरचा बंगला उलटा दिसत होता. मांडीएवढ्या जाडीचे, काही कमरेएवढे, गोल ओंडके साल काढून एकावर एक रचलेले. कोपऱ्यांवर दोन्ही बाजूंचे ओंडके खाचा पाडून एकमेकांत बसवलेले आणि त्यांची टोकं हातभर बाहेर आलेली. वर मंगलोरी कौलं. पावसा-उन्हानं लाकूड हत्तीच्या कातडीसारखं करडं झालं होतं. आमच्याकडे लाकूड म्हणजे दार, चौकट, फार तर माडीचा जिना. अख्खं घरच झाडांचं असू शकतं हे डोळ्यांनी पाहिल्यावरही मला खरं वाटेना.

बंगल्याच्या मागे हवालदारांची दोन खोल्यांची चाळ होती. त्यांच्या पत्नी सोनाबाई बाहेर आल्या, पायावर पाणी दिलं. हवालदार थोडं चाचरत म्हणाले, "मास्तर, शिधा आनून ठेवलाय. तुमी हातानं रांधून घेता का? मागं एक इंजनेर आलंवतं, त्यांनी तसंच केलं."

"मला चहासुद्धा धड जमत नाही," मी म्हणालो.

ते आत वळून म्हणाले, "आगं, तीन मान्सांचं टाक."

आमच्याकडे जोंधळ्याची भाकरी, इथे नाचणीची. काळपट, मऊ, तव्यावरून थेट ताटात. त्याबरोबर हुलग्याची पातळ आमटी आणि कोवळ्या फणसाची भाजी. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर होती, तिच्याखाली पलटणीतल्या माणसांचा एक गट-फोटो. "छप्पन सालापास्नं ती तसबीर," सोनाबाई म्हणाल्या. "त्याच्या आधी तितं खंडोबा हुता."

दुसऱ्या दिवशी मापं घ्यायला सुरुवात केली आणि तासाभरातच घोटाळा झाला. होड्यांच्या पडवीत वाकून मोजताना कापडी टेप माझ्या हातातून सुटली आणि पाण्यात गेली. हवालदारांनी ती काढली, वाळतही घातली, पण वाळल्यावर ती फुटाला अर्धा इंच आखडलेली निघाली. आता आणखी एक टेप आणायची तर साताऱ्यालाच जावं लागणार. हवालदारांनी बांबू तोडला, माझ्या लाकडी फुटपट्टीवरून त्यावर कोयत्यानं खुणा केल्या, आणि पुढचं सगळं घर आम्ही त्या बांबूनं मोजलं. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी. ते आकडा मोठ्यानं सांगत, मी लिहीत असे. पलटणीत त्यांनी पूल बांधायचं काम केलं होतं. त्यांचा आकडा एकदाही चुकला नाही.

मोजता मोजता ते बोलत. ओंडके डोंगराच्या पलीकडून, कोयनेच्या खोऱ्यातून आले होते. किंजळीचे आणि ऐनाचे. खालून वर बैल चढत नव्हते, म्हणून शेवटचा चढ माणसांनी दोरांनी ओढला. त्यांचे वडील त्यांत होते.

"ह्यो बगा," एका कोपऱ्यावर बाहेर आलेल्या टोकाशी थांबून ते म्हणाले. त्या टोकावर तीन आडव्या खाचा होत्या. मी त्या कुऱ्हाडीचे चुकार घाव समजलो होतो. "ज्या टोळीनं वडला तिची खून. ह्या आमच्या बाबाच्या टोळीच्या."

मग पाहतो तर टोकाटोकावर खुणा. कुठे फुली, कुठे पाखराचं पाऊल, कुठे एकच तिरकी रेघ.

"तुमचे वडील मग इथे राहिले का कधी?"

"ऱ्हायाचं कुटलं? कौलं चढली आन् त्यास्नी बांदाच्या पल्याड जेवाय बसिवलं. आत पाय ठिवला न्हाई त्यांनी. तवा तशीच रीत हुती." आवाजात राग नव्हता, हवेची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. "मी पलटनीतनं सुटून आलो तवा जुना चौकीदार गेलावता. मी अर्ज केला. लागलो."

"पहिल्या दिवशी आत गेलात तेव्हा काय वाटलं?"

"झाडू मारला," ते म्हणाले. पुढचे दोन ओंडके मोजून झाल्यावर पुन्हा म्हणाले, "मंग त्या वंडक्याला पाठ लावून बसलो जरा वेळ."

त्या खुणा मी वेगळ्या वहीत उतरवून घेतल्या. अहवालात त्यांचं काय करायचं हे तेव्हा मला कळलं नव्हतं.

दरवर्षी पावसाच्या आधी सगळ्या बंगल्याला बाहेरून गवताच्या ताट्या बांधायची पद्धत होती. घराला जणू कांबळं पांघरायचं. चार महिने आत अंधार, पण भिंती कोरड्या. खातं आल्यापासून दोनदाच गवत मिळालं. मग तेही बंद झालं. तळ्याकडून येणारी झड थेट भिंतीवर बसू लागली. सोनाबाई म्हणाल्या, त्या दोघांनी मिळून कापलेलं गवत एका भिंतीपुरतंच व्हायचं, आणि कुठली भिंत झाकायची यावरून दर वर्षी त्यांचं भांडण.

तिसऱ्या दिवशी मी चांभाराकडे असते तसली टोकदार आरी घेऊन तळचे ओंडके टोचून तपासले. तीन बाजू ठणठणीत होत्या. तळ्याच्या बाजूला मात्र आरी मुठीपर्यंत आत गेली. एक, दोन, तीन, चार. सगळ्यात खालचे चार ओंडके आतून भुसा झाले होते. मी हादरलो. सगळ्या भिंतीचं ओझं त्यांच्यावर होतं.

हवालदार मात्र शांत होते. "ते जानारच हुतं. काढून दुसरं घालायचं."

"भिंतीच्या खालून? वर एवढं घर असताना?"

"त्यासाठीच तर वंडक्याचं केलंय. भिताडाला चुना न्हाई, खिळा न्हाई. दोन जॅक लावायचं, चार आंगळं उचलायचं, टेकू द्यायचा. जुना वढायचा, नवा सरकवायचा. आठ मान्सं आन् दोन दिस. ह्या उगवतीच्या बाजूला म्या येकदा घातलाय. वळकून दावा कंचा."

मी त्या भिंतीवर पंधरा मिनिटं घालवली आणि चुकीचा ओंडका दाखवला. ते मनापासून हसले. तेवढंच त्यांना मोठ्यानं हसताना मी पाहिलं.

मग ते मला होड्यांच्या पडवीमागे घेऊन गेले. तिथे दगडांवर, जमिनीपासून हातभर उंच, गवतानं झाकलेले चार लांबलचक ओंडके होते. त्यांनी गवत बाजूला केलं. किंजळीचे, सरळ, साल काढलेले, टोकांना डांबर लावलेले.

"माझ्या मामाच्या गावच्या रानातलं," ते म्हणाले. "कोयनेच्या धरनाचं पानी चढायच्या आधी गाव उठलं. रान बुडनारच हुतं. मामाच्या पोरांनी तोडून दिलं, आमी वर आनलं. चार सालं वाळलंत. आता असं लाकूड मिळायचं न्हाई, तितं पानी हाय. खात्याला कागद धाडलाय, घालू का म्हनून. जबाब न्हाई. इचारल्याबिगर कसं घालायचं?"

मी ओंडक्यांवरून हात फिरवला. टणक, गार. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांबू धरून त्यांची लांबीही मी मोजली आणि लिहून घेतली. बंगल्याच्या तळ्याकडच्या भिंतीला ते तंतोतंत बसत होते.

निघायच्या दिवशी सोनाबाईंनी नाचणीच्या भाकरी आणि करवंदाचं लोणचं बांधून दिलं. हवालदार घाटाच्या पायथ्यापर्यंत आले. एसटी दिसल्यावर म्हणाले, "मास्तर, त्या चार वंडक्यांचं लिवा बरं का. तेवडं त्यांच्या ध्येनात आलं तर मोडायचं कारनच न्हाई."

"लिहितो," मी म्हणालो.

कराड

आणि मी लिहिलं. कराडला माझा एक जुना मित्र नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. दोन दिवस त्याच्या खोलीवर राहून मी अहवालाचा मसुदा केला. संध्याकाळी आम्ही संगमावर फिरायला जात असू. उन्हाळ्यात कृष्णा आणि कोयना दोन्ही खाली गेलेल्या, मधली वाळू उघडी पडलेली, तिच्यावर कलिंगडाचे वेल. कोयनेचं पाणी मला आता वेगळं वाटत होतं. ते वर कुठल्या रानावरून आलं ते मला माहीत झालं होतं.

मित्रानं मसुदा वाळूत बसूनच वाचला. हुशार आणि सरळ माणूस. नकाशांचं त्यानं फार कौतुक केलं. मग शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवलं. त्यात मी ओंडके बदलण्याची रीत आणि तयार ठेवलेल्या चार ओंडक्यांची हकीकत लिहिली होती.

"हे तू पाहिलंस? भिंत उचलताना?"

"नाही. हवालदारांनी सांगितलं."

"म्हणजे चौकीदारानं. आठ माणसांनी ती भिंत उचलली जाईल यावर माझाही विश्वास बसत नाही. साहेबाच्या इंजिनिअरचा कसा बसेल? हा परिच्छेद वाचून तो म्हणेल, ड्रॉइंग मास्तरला कुणीही काहीही सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं. तुझ्या बाकीच्या कामावरही शंका घेईल. काढ हे."

"पण ओंडके तर मी मोजलेत."

"ते इमारतीचा भाग आहेत का? बाहेर पडलेलं लाकूड आहे ते."

दादासाहेबांची सूचना मला आठवली. दोन शिकलेली माणसं एकच सांगत होती. पण नुसतं तेवढंच नव्हतं. माझा अहवाल कुणी हसून बाजूला ठेवू नये, एखाद्या जाणकारानं केल्यासारखा तो दिसावा, अशी माझीही इच्छा होती. मित्रानं सुचवलं, पण काढलं मी. पक्की प्रत लिहिताना तो परिच्छेद गेला. मसुद्याला जोडलेलं खुणांचं पानही गेलं. त्याऐवजी एक वाक्य राहिलं, माझ्या सुंदर अक्षरात: 'तळ्याच्या बाजूचे सर्वांत खालचे चार ओंडके आतून पूर्णपणे कुजलेले आहेत.'

त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

सांगली

जुलैत दादासाहेबांचं पत्र आलं. नकाशे सगळ्यांना आवडले होते. साहेबांनी ते कार्यालयात भिंतीवरही लावले होते. पण निर्णय झाला होता. तळचे ओंडके कुजलेले, सबब इमारत राहण्यास धोकादायक, सबब मोडून लाकूड विकावं. 'आधार म्हणून तुमचंच वाक्य घेतलं आहे,' दादासाहेबांनी लिहिलं होतं. 'तुमचा काही दोष नाही. तुम्ही खरं तेच लिहिलंत.'

ते पत्र घेऊन मी घाटावर बराच वेळ बसलो. नदी भरून वाहत होती, पायऱ्या एकेक करून बुडत होत्या. घरी येऊन मी खात्याला पत्र लिहिलं. काढून टाकलेला परिच्छेद शब्दशः उतरवला, ओंडक्यांची मोजमापं दिली, प्रत्यक्ष येऊन पाहावं अशी विनंती केली. दीड महिन्यानं उत्तर आलं. या प्रकरणी निर्णय झालेला असल्यानं फेरविचार शक्य नाही.

बायको म्हणाली, "आता तुम्ही काय करणार?" मी काहीच केलं नाही. शाळा सुरू होती, परीक्षा आल्या. हवालदारांना पत्र लिहायला चार वेळा बसलो आणि चारही वेळा 'श्री. कांबळे यांस' याच्यापुढे सरकलो नाही.

पुन्हा तळ्यावर

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. या वेळी घाट एकट्यानं चढलो. पावसानंतरचा डोंगर हिरवागार होता, कातळावर पिवळी फुलं पसरली होती, आणि मला ती नजरेसमोर नकोशी झाली होती.

झाडीतून बाहेर येताच कळलं. कौलं उतरलेली होती. तीन बाजूंच्या भिंती गेल्या होत्या आणि ओंडके गवतावर ओळीनं लावून ठेवलेले होते. तळ्याकडची भिंत तेवढी उभी होती. ठेकेदाराची माणसं तिच्याभोवती होती आणि त्यांच्यामध्ये, खाकी अर्ध्या विजारीत, हवालदार उभे होते. हातवारे करून ते कामकऱ्यांना जागा दाखवत होते.

त्यांनी मला पाहिलं. हात वर करून थांबायची खूण केली. काम अर्ध्यात होतं.

खालचे कुजलेले ओंडके चिरडले तर वरची भिंत कोसळून चांगलं लाकूड फुटेल, म्हणून ठेकेदाराला ती आधी उचलून धरायची होती. दोन टोकांना दोन जॅक होते. हवालदारांनी माणसं मोजून उभी केली. आठ. "सावकास. दोगंबी येकदम. माज्या हाताकडं बगा." हात हळूहळू वर जाऊ लागला. आधी काहीच घडलं नाही. मग भिंतीतून करकर असा लांबलचक आवाज आला आणि ती अख्खी भिंत, खिडक्यांच्या चौकटींसकट, एका बाजूलाही न झुकता चार बोटं वर आली. टेकू आत सरकले. पहारी लावून माणसांनी खालचा पहिला ओंडका बाहेर ओढला. तो गवतावर पडला आणि त्याचा भुसा झाला.

अर्ध्या तासात चारही बाहेर होते. भिंत टेकूंवर उभी होती. तिच्याखाली चार ओंडक्यांची मोकळी जागा होती आणि तिच्यातून तळ्याचं पाणी दिसत होतं. त्या क्षणी नुसते चार नवे सरकवले असते तर घर पुरं झालं असतं. मी पडवीच्या मागे जाऊन पाहिलं. दगड होते. ओंडके नव्हते. तेही लाकूड म्हणून लिलावात गेले होते.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा हवालदार माझ्याजवळ येऊन बसले. कपाळाचा घाम बंडीनं पुसला.

"तुम्ही स्वतः हे करताय?" मी विचारलं.

"ह्यास्नी काय ठावं? घनानं फोडत हुती. म्हनलं मोडायचंच हाय तर नीट मोडा. कुनाच्या तरी घराला लागंल लाकूड." ते तळ्याकडे बघत होते. "आजचा दिस. मंग आमीबी चाललो. थोरला मुंबईला गिरनीत हाय, त्याच्याकडं."

मला वाटलं आता सांगितलं नाही तर कधीच सांगणार नाही.

"हवालदार, मी त्या चार ओंडक्यांचं अहवालात लिहिलं नव्हतं."

"ठावं हाय," ते म्हणाले. "सायेब आलावता पावसात. त्यानं वाचून दावलं समदं. नकासं लय झ्याक काडलंत तुमी." मग म्हणाले, "पयला राग आला. मंग हिला म्हनलं, मास्तर मोठ्या कामाचा मानूस, यवडं यवडं ध्येनात राहत न्हाई. इसरलं असत्याल."

त्यांनी मला वाट करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण तेवढं खोटं मला जमलं नाही.

"विसरलो नव्हतो," मी म्हणालो. "लिहिलं होतं. मग काढून टाकलं. तुमच्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवणार नाहीत असं मला वाटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, बंडी झटकली आणि भिंतीपाशी जाऊन टेकू नीट आहेत का ते एकेक करून तपासू लागले.

ते माझ्याशी बोलायचे थांबले असं झालं नाही. सोनाबाईंनी ताट वाढलं, हवालदारांनी शेजारी बसून भाकरी वाढली, सांगलीला पाऊस कसा झाला ते विचारलं; फक्त 'मास्तर' ही हाक पुन्हा आली नाही. दुपारनंतर भिंत उतरवली, वरून खाली, एकेक ओंडका. मी नुसता बसून पाहत होतो. कागद पेन्सिल आणली होती, पण ती पिशवीतून काढायचं धाडस झालं नाही. ऊन कलायला लागल्यावर मी निघालो, तेव्हा मी नको म्हणत असतानाही ते माझ्याबरोबर घाट उतरले. वाटेत एका निसरड्या जागी माझा हात धरला.

खाली एसटी उभीच होती. मी पायरीवर चढलो, वळून काहीतरी बोलायचं म्हणून थांबलो. त्यांनी टाचा जुळवल्या, पहिल्या दिवशी केला होता तसाच रामराम केला.

"संबाळून जावा, सायेब," ते म्हणाले.